रद्दचं बटण

रकाने हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. मोठ्या हॉस्पिटलच्या नोंदणी विभागात या माणसाने बावीस वर्षं काढली, आणि वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना रकानेच म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर. सुरुवातीला ते चिडायचे. पुढे पुढे फोन उचलून स्वतःच म्हणायला लागले, "हां, रकाने बोलतोय."

नाव पडलं ते त्यांच्या फॉर्मवरून. पेशंट दाखल करताना खिडकीवरच्या कॉम्प्युटरवर जो फॉर्म उघडायचा, तो त्यांनी एकट्याने लिहिलेला. सतरा रकाने. नाव, वय, पत्ता, ओळखखूण, सोबत कोण आलंय, सगळं. त्यातला एकही रिकामा ठेवायचा नाही, हा त्यांचा कायदा. रिकामा ठेवून पुढे जायला गेलात की टुंग्‌ करून आवाज यायचा आणि पाटी झळकायची: "नाव भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही." कर्सर त्या रकान्यात जो ठाण मांडून बसायचा, तो हलायचं नाव नाही.

बरं, इथवर ठीक होतं हो. अर्धवट माहिती नको, हे कुणालाही पटेल. पण समजा फॉर्म चुकून उघडला. समजा पेशंटचे नातेवाईक म्हणाले, थांबा, आम्ही दुसरीकडे नेतो. अशा वेळी बाहेर पडायला खाली एक बटण होतं, "रद्द". आता गंमत बघा. रद्दवर जायचं तर आधी नावाच्या रकान्यातून बाहेर पडायला हवं. आणि रकान्यातून बाहेर पडायला गेलं की तपासणी व्हायची, नाव भरलंय का? नाही. टुंग्‌. म्हणजे ज्याला काहीच भरायचं नाही, ज्याला फक्त गुपचूप बाहेर जायचंय, त्यालाही अडवून विचारणार, भरलंत का? कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं तरी तीच पाटी. रद्दचं बटण होतं खरं, पण निव्वळ शोभेला.

आणि हे दुरुस्त करणं काही अवघड नव्हतं. या बटणाच्या वेळी तपासणी करू नकोस, एवढंच सांगायचं असतं. एका ओळीचं काम. रकान्यांना ते ठाऊक होतं, हे मात्र सांगून ठेवतो, कारण पुढे लोक म्हणाले, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. सगळं माहीत होतं.

"साहेब, रद्द करायलासुद्धा तुमची परवानगी लागते का हो?" खिडकीवरच्या ताईंनी एकदा न राहवून विचारलं होतं. या ताई म्हणजे हॉस्पिटलचं तोंड. आलेला प्रत्येक माणूस आधी त्यांच्यापुढे उभा राहायचा.

"रद्द करायचं होतं तर उघडलात कशाला?" रकाने म्हणाले.

"चुकून उघडला."

"मग चुकू नका."

झालं. ताई तोंड वाकडं करून जिना उतरल्या.

माणूस वाईट होता म्हणाल तर मुळीच नाही. कुणाचं वाकडं केलं नाही, कुणाची चहाडी केली नाही. पण अशा काटेकोर माणसाबरोबर दिवस काढणं काय असतं ते त्यांच्या बायकोला विचारा. घरात ही दोघं आणि रकान्यांचे थोरले भाऊ, दादा. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी स्वतःचं शिक्षण सोडून एका शाळेत शिपायाची नोकरी धरली आणि या धाकट्याला कॉलेजपर्यंत पोचवलं. स्वतः लग्न केलं नाही. कधी बोलूनही दाखवलं नाही. तीस वर्षं शाळेची घंटा दिली, फाटक उघडलं, फाटक लावलं, आणि निवृत्त होऊन भावाच्या घरी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले.

गेली दोन वर्षं दादांना विसर पडायला लागला होता. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, सांभाळून घ्या. रकान्यांनी सांभाळून घ्यायचं म्हणजे काय केलं? रोज संध्याकाळी जेवणं झाली की दादांना समोर बसवायचं आणि विचारायचं.

"दादा, तुमचं पूर्ण नाव सांगा."

दादा सांगायचे. कधी बरोबर, कधी वडिलांचं.

"पत्ता?"

दादा छताकडे बघायचे.

"पत्ता सांगितल्याशिवाय उठायचं नाही दादा. आठवा. आठवतंय तुम्हाला."

दादा मग काहीतरी सांगायचे. शाळेचा पत्ता, जुन्या घराचा पत्ता, कधी नुसताच एखादा आकडा. उठू द्यावं एवढ्यासाठी सांगायचे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. बायको भांडी आवरता आवरता म्हणायची, "अहो, सोडा ना त्यांना. दमलेत." रकाने म्हणायचे, "अगं, सवय सुटली की संपलं. अडवून ठेवलं तरच आठवतं माणसाला." प्रेमाने म्हणायचे हो. दादा हातातून निसटत चाललेत हे त्यांना दिसत होतं आणि त्यांच्याकडे धरून ठेवायची एवढी एकच रीत होती.

इकडे हॉस्पिटलात खिडकीवरच्या मंडळींनी आपली वाट काढली होती. फॉर्म अडला की नावात टाकायचं "अबक". वयात टाकायचं ९९, कारण त्याच्या वरचा आकडा फॉर्म घेत नसे. पत्त्यात तीन अक्षरं कुठलीही. सगळे रकाने असे भरले की फॉर्मचं समाधान व्हायचं आणि रद्दचं बटण मुकाट्याने उघडायचं. खिडकीवर नवीन कुणी आलं की ताई पहिल्याच दिवशी शिकवायच्या, "हे बघ, अडलीस की अबक." पण यातही एक मेख होती. वीज सारखी जायची म्हणून रकान्यांनी अशी सोय केली होती की भरलेला रकाना तिथल्या तिथे साठवला जावा. त्यामुळे फॉर्म रद्द झाला तरी अबक मागे उरायचे.

एका बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी महिन्याचा गोषवारा उघडला आणि हसत सुटले. "रकाने, या महिन्यात आपल्याकडे नव्व्याण्णव वर्षांचे एकशे बारा पेशंट आले. आणि सगळे एकाच नावाचे. काय घराणं आहे हो!" अख्खी बैठक हसली. रकान्यांचे कान लाल झाले.

त्या दिवशी ते बटण दुरुस्त करता आलं असतं. पण ते करणं म्हणजे ताईंचं खरं होतं असं कबूल करणं. रकाने वाकड्यात शिरले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे "माहीत नाही", "अनोळखी", "नाही" असले शब्द फॉर्मने घ्यायचेच नाहीत असा बंदोबस्त केला, कारण त्यांच्या मते हे सगळे आळसाचे शब्द. आणि दुसरं म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव ठेवलं झाडू. रोज पहाटे आपोआप चालायचा, नावात अबक आणि वयात ९९ असलेल्या सगळ्या नोंदी पुसून टाकायचा आणि काय काय पुसलं त्याची यादी एका कोपऱ्यात ठेवायचा. ती यादी रकान्यांनी कधी उघडली नाही. केराच्या टोपलीत कोण डोकावतं? झाडूबद्दल त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. पुढच्या महिन्याचा गोषवारा आरशासारखा लख्ख निघाला, आणि ते खूश झाले.

एका मंगळवारी दुपारी बायको वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली. पाच मिनिटांत परत आली तर दार सताड उघडं आणि खुर्ची रिकामी. चपला जागेवर होत्या. दादा अनवाणीच गेले होते.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. गल्ली धुंडाळली, दुकानं विचारली, रकान्यांना फोन केला. ते धावत घरी आले. संध्याकाळ पोलिस चौकीत गेली. बुधवारी सकाळी दहाला रकाने ऑफिसात पोचले, खुर्चीत बसायच्या आत कॉम्प्युटर सुरू केला आणि शोधलं. दादांचं नाव. नाही. वय सत्तर ते पंचाहत्तर, पुरुष, कालपासून. चार जण निघाले, चौघांचीही नावं-पत्ते वेगळे, सोबत नातेवाईक. पुन्हा शोधलं. आडनाव चुकीचं लिहिलं असेल म्हणून तऱ्हेतऱ्हेने लिहून पाहिलं. नाही.

"आमच्याकडे नाहीत," त्यांनी घरी फोन करून सांगितलं.

"एकदा वॉर्डात जाऊन बघा ना."

"वॉर्डात काय बघायचं? आलेला प्रत्येक माणूस नोंदीत असतो. नोंदीत नाही म्हणजे इथे नाही."

बायकोचं समाधान झालं नाही. तिने परस्पर हॉस्पिटलच्या खिडकीवर फोन करून दादांचं नाव विचारलं. तिकडून उत्तर आलं, कॉम्प्युटरमध्ये असं कुणी नाही. पोलिसांनी विचारलं, त्यांनाही तेच. रकान्यांनी ऑफिसात कुणाला काही सांगितलं नव्हतं. घरातली गोष्ट चारचौघांत कशाला, असा त्यांचा स्वभाव. तेव्हा खिडकीवरच्या ताईंना कळायला मार्गच नव्हता की हरवलेला म्हातारा कुणाचा आहे.

मग सुरू झाली वणवण. रकाने ऑफिस सुटलं की सायकल काढायचे आणि शहराची एकेक बाजू पालथी घालायचे. बसस्थानक, बागा, दादांची जुनी शाळा. शाळेच्या फाटकाशी तर रोज जायचे. दुसऱ्या हॉस्पिटलांत मात्र प्रत्यक्ष वॉर्डातून फिरून बघायचे, एकेका खाटेशी थांबून. तिथल्या नोंदींवर त्यांचा विश्वास नव्हता. विश्वास होता तो फक्त स्वतःच्या नोंदीवर, आणि ती ते रोज सकाळी न चुकता बघायचे. जीव टांगणीला लागलेला, जेवण उतरेना, डोळे खोल गेले. बायको रोज एकदा म्हणायची, "तुमच्याच वॉर्डात जाऊन या हो एकदा. तेवढीच माझ्या मनाला शांती." आणि हे रोज तेच सांगायचे, "अगं, मी सकाळीच बघितलंय."

अकरा दिवस असे गेले. शनिवारी सकाळी पुरुष वॉर्डातली सिस्टर दोन जिने चढून नोंदणी विभागात आली. हातात जाड कागदाचं एक कार्ड, चेहरा त्रासलेला.

"साहेब, तुमच्या कॉम्प्युटरपुढे हात टेकले आम्ही. हा क्रमांक उघडतच नाही. खिडकीवर दोनदा विचारलं. त्या म्हणतात, क्रमांक चुकला असेल, साहेबांना विचारा. तुम्हाला विचारायचं म्हणजे उलटतपासणी होणार, म्हणून इतके दिवस कार्डावरच भागवलं."

"मग आज काय झालं?"

"आज पेशंट गेला. पहाटे. मृत्यूचा फॉर्म भरायचाय, आणि दाखल झाल्याची नोंदच नाही तर तो फॉर्म उघडत नाही."

"असं होऊच शकत नाही," रकाने म्हणाले. सवयीनेच म्हणाले.

त्यांनी क्रमांक टाकला. त्याच्या आधीचा होता, नंतरचा होता, मधला नव्हता. दात पडल्यासारखी जागा. मग त्यांना झाडू आठवला. पण अजून दादा मनात नव्हते. मनात एवढंच होतं की आता हे बाहेर फुटणार आणि बैठकीत पुन्हा हसं होणार. त्यांनी कोपऱ्यातली यादी पहिल्यांदा उघडली. मागच्या मंगळवारच्याही मागचा मंगळवार, संध्याकाळी पावणेसहा. बुधवारी पहाटे सहाला पुसलेलं.

नाव अबक. वय ९९. पत्ता तीन अक्षरं. सोबत कोण, तिथेही अबक. आणि ओळखखुणेच्या रकान्यात, बाकी सगळं खोटं भरावं लागलं म्हणून असेल कदाचित, ताईंनी दिसलं ते खरंखरं लिहिलं होतं: "डाव्या करंगळीचं टोक नाही. पायात चपला नाहीत."

करंगळीचं टोक शाळेच्या लोखंडी फाटकात गेलं होतं. रकाने तेव्हा सातवीत होते. दादा हाताला फडकं गुंडाळून घरी आले होते आणि म्हणाले होते, "काही नाही रे, अभ्यास कर तू."

"साहेब?" सिस्टर म्हणाली. "पाणी देऊ का?"

"काय बोलायचे?" रकान्यांनी विचारलं.

"कोण? हे? डोक्याला मार होता ना. रस्त्यात पडले होते, दोघा जणांनी उचलून आणलं. ताईंनी नाव विचारलं, ते सांगू शकले नाहीत. अनोळखी लिहायला गेल्या तर फॉर्म घेईना. मग काय करतात बिचाऱ्या." सिस्टरने कार्ड उलटं केलं. "पहिले चार-पाच दिवस शुद्धीवर होते बरं का. कुणी आत आलं की दाराकडे बघायचे. नंतर छातीत कफ भरला."

रकाने उठले. दोन जिने उतरले. वॉर्ड डाव्या हाताला होता, पाण्याच्या टाकीशेजारी. बावीस वर्षं ते त्या दारावरून रोज ये-जा करत होते. कोपऱ्यातली खाट, पांढरी चादर डोक्यापर्यंत ओढलेली. त्यांनी तोंडावरची चादर काढली नाही. डावा हात तेवढा बाहेर काढला आणि धरून बसले. खिडकीवरच्या ताई धावत आल्या, काय झालंय ते कळल्यावर दारातच रडायला लागल्या. "साहेब, मला काय माहीत हो. मला कुणी सांगितलं असतं तर." रकाने म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही." बावीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

मृत्यूचा फॉर्म त्यांनी स्वतः भरला. आधी यादीतून नोंद परत आणली, अबक पुसून दादांचं नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला, आणि मग पुढचा फॉर्म उघडला, तोही त्यांनीच, त्याच कायद्याने लिहिलेला. सिस्टर बाजूला उभी राहून वेळ, कारण, डॉक्टरांचं नाव सांगत गेली. सगळं सरळ चाललं होतं. शेवटून दुसरा रकाना आला: "दाखल झाल्यापासून भेटीस आलेले नातेवाईक."

रकान्यांनी तो सोडून पुढे जायचं बटण दाबलं. टुंग्‌.

त्यांनी "नाही" लिहिलं. टुंग्‌. तो शब्द चालत नव्हता, त्यांनीच बंद केलेला. "कोणी नाही" लिहिलं. टुंग्‌. रद्द दाबलं. टुंग्‌. सिस्टरला बघवेना. ती हळूच म्हणाली, "काहीतरी टाका साहेब आणि मोकळे व्हा. आम्ही तसंच करतो."

पुढच्या खोलीत शववाहिकेचा माणूस कागदासाठी खोळंबला होता. रकान्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. नातं: धाकटा भाऊ. फॉर्मने लगेच मान्य केलं आणि छपाई सुरू झाली.

दुपारी कागद घेऊन ते घरी गेले. बायकोला फोनवर कळलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, रडून रडून डोळे सुजलेले. तिने कागद हातात घेतला आणि वरपासून वाचत गेली, एकेका ओळीवर बोट ठेवून. खाली येऊन तिचं बोट थांबलं.

"तुम्ही भेटला होतात त्यांना?"

"नाही."

"मग हे? इथे तुमचं नाव आहे." तिच्या आवाजात अजून आशा होती. "खरं सांगा. एकदा तरी गेला होतात ना?"

"नाही गं," रकाने म्हणाले. "तिथे रिकामं सोडता येत नाही."

तिने कागद त्यांच्या हातात परत दिला आणि उठून दादांचे कपडे काढायला आतल्या खोलीत गेली.